टी. नगरचा शहाणा आरसा

चेन्नईहून परतले आणि भिशीत बायकांनी मला घेरलं. "कपालीश्वराचं देऊळ पाहिलंस का? मरीनावर गेलीस का? कांजीवरम किती आणल्यास?" मी म्हटलं, "देऊळ पाहिलं, समुद्र पाहिला, साड्याही आणल्या. पण मला सांगायचंय ते एका आरशाबद्दल." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बाईला चेन्नईचं ऊन बाधलं असं वाटलं असणार त्यांना. म्हणून लिहूनच काढते. तोंडी सांगायला घेतलं की आमच्यात कुणीतरी मध्येच गरम भजी आणतं आणि विषय भलतीकडे जातो.

आधी गेले कशाला ते सांगते. माझा एकुलता एक मुलगा निखिल पुण्यात नोकरीला. दर शनिवारी सांगलीला येतो, माझ्या हातची आमटी भुरकतो, सोमवारी पहाटे जातो. नवरा गेल्यापासून माझा आठवडा त्या शनिवारभोवतीच फिरतो. तर या निखिलचं मैथिली नावाच्या मुलीशी जमलं. मुलगी चेन्नईची, पण घरात मराठी बोलणारी. तिचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेले आणि तिकडचेच झाले. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. मग एक दिवस हा म्हणतो, "आई, मैथिलीचं काम चेन्नईतच आहे. लग्नानंतर मीच तिकडे जाईन म्हणतोय."

"एवढं काय काम आहे तिचं?"

"साड्यांच्या दुकानात आरसे बसवते."

"आरसे? मग पुण्यातले लोक काय बादलीत तोंड बघतात?"

तो खो-खो हसला. मी फोन आपटला. राग माझ्या नाकावरच असतो, हे सांगलीत सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवसांनी त्या मुलीचाच फोन आला. अडखळत, शब्द शोधत म्हणाली, "काकू, तुम्ही एकदा येऊन माझं काम पाहा. तुम्ही मनापासून हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही." झालं! सगळं माझ्या गळ्यात. मी बॅग भरली ती एकाच इराद्याने. पोरीला गोडीगुलाबीने पटवायचं, पुण्यात नोकरी बघायला लावायची आणि माझा शनिवार वाचवायचा.

मायलापूर

मैथिलीचे वडील राव स्टेशनवर न्यायला आले होते. चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होते, आता निवृत्त. मला बघताच हात जोडून म्हणाले, "यावे, यावे. वाट बेश झाली का? तुम्हांस त्रास फार झाला असेल." मी चाटच पडले. हे 'आम्हांस' आणि 'तुम्हांस' आम्ही शाळेत बखरीच्या धड्यात वाचायचो. आणि इथे हे गृहस्थ त्याच भाषेत माझी विचारपूस करत पिशवी स्वतः उचलत होते. त्यावर सूर अस्सल तमिळ, वाक्याच्या शेवटी उंच जाणारा. मला हसू आलं आणि गहिवरूनही आलं, दोन्ही एकदम.

मायलापूरच्या घरी पद्माबाईंनी, म्हणजे मैथिलीच्या आईने, स्टीलच्या पेल्यात फेसाळ कापी, म्हणजे कॉफी, दिली आणि पाठोपाठ पान वाढलं. पानात काय असावं? डांगर! उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आमच्याकडे त्यात कांदा घालतो, त्यांच्याकडे घालत नाहीत, आणि ते त्याला डांगर पचडी म्हणतात, एवढाच काय तो फरक. इतक्या लांब येऊन आपलं डांगर पानात बघून मी दोनदा मागून घेतलं. वांग्याची रसवंगीही होती, तीही चापली. भांडायला आलेल्या बाईने इतकं जेवू नये, पण इलाज नव्हता.

मैथिली मात्र गप्प. उंच, सावळी, कपाळावर बारीक टिकली. विचारलं तर एका शब्दात उत्तर. तिच्या आईबाबांशी मात्र तमिळमध्ये घडाघडा बोलत होती. मला वाटलं, शिष्ट आहे पोरगी. नंतर पद्माबाईच हळूच म्हणाल्या, "ती लाजत्ये हो. महाराष्ट्रातले लोक आमचे मराठी ऐकून हसतात. म्हणून तोंडच उघडीत नाही." स्टेशनवर मीही मनात हसलेच होते, म्हणून तो विषय मी पुढे वाढवला नाही.

टी. नगर

दुसऱ्या दिवशी दुकान. टी. नगरची गर्दी काय वर्णावी! साड्यांची दुकानं एकापेक्षा एक उंच, रस्त्यात गजऱ्यांचे ढीग, आणि प्रत्येक फुलवालीच्या टोपलीशी पैसे मिळाल्याचं ओरडून सांगणारा तो छोटा डबा. आपल्याकडेही आहेत ते डबे, पण इथला डबा तमिळमध्ये इतक्या झोकात बोलतो की मला वाटलं लिलावच चाललाय.

मैथिली काम करते ते दुकान त्यातलंच एक, बऱ्यापैकी मोठं. मला आपलं दुकान म्हणजे गादी, पांढरी चादर आणि "वहिनी, ही बघा" म्हणत भसाभस साड्या उलगडणारा माणूस, एवढंच ठाऊक. चौथ्या साडीनंतर त्याचा चेहरा पडतो, आठवीनंतर आपला. इथे आत शिरले आणि तोंडात बोट घालायची वेळ आली. प्रत्येक साडीच्या टोकाला नखाएवढी पट्टी शिवलेली. साडी फळीवरून उचलली की शेजारचा पडदा जागा होतो आणि सांगतो, ही कुठे विणली, कशी धुवायची, हिच्यात आणखी कोणते रंग आहेत. तुम्ही "मोरपंखी" वर बोट ठेवलंत की पलीकडच्या फळीवरची मोरपंखी साडी जिथे असेल तिथला दिवा लागतो. शोधायला नको, कुणाचं तोंड बघायला नको. घेतलेल्या सगळ्या साड्या एका चौकोनी ट्रेमध्ये ठेवल्या की बिल आपोआप तयार. एक बाई तेवढ्यात ट्रेमध्ये स्वतःची नेसायची जुनी साडीही ठेवून बसली होती, तर ट्रेने तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. मी लहान मुलासारखी हे उचल, ते ठेव करत हिंडत होते.

आणि मग तो आरसा.

माणसापेक्षा उंच. समोर उभी राहिले तर आधी मी नेहमीची मीच दिसले, प्रवासाने सुजलेले डोळे आणि विस्कटलेला अंबाडा. मैथिलीने एक जांभळी साडी घडीसकट आरशाच्या कडेला धरली. आणि काय सांगू, आरशातल्या माझ्या अंगावर ती साडी! पदर, निऱ्या, काठ, सगळं. मी वळले तर साडीही वळली. आपल्याकडे नव्या साडीची घडी मोडायचा मान आपण लाडक्या माणसाला देतो. इथे घडीला धक्काही न लागता मी एकामागून एक साड्या नेसत होते. "अगं बाई! अगं बाई!" एवढंच माझ्या तोंडून निघत होतं. मोबाईलवर घरी बसलेल्या पद्माबाईंनाही तेच चित्र दिसत होतं आणि त्या तिकडून "पिवळी नको, पिवळी नको" करत होत्या.

"याला नऊवारी येते का?" मी विचारलं.

मैथिली पहिल्यांदा हसली. "नाही काकू. शिकवीन की. तुम्ही नेसून दाखवा, तो शिकतो."

तिने मला खुणा शिकवल्या. हात डावीकडून उजवीकडे फिरवला की पुढची साडी. आवडली तर दोन्ही हात आरशाकडे पुढे न्यायचे आणि कवेत घेतल्यासारखे आपल्याकडे ओढायचे. आरसा समजतो, ही हवी. मग वरच्या गोदामातून तीच साडी, नवीन, कोरी, छोट्या लिफ्टमधून खाली येते. हे सगळं सांगताना तिची जीभ एकदम सुटली होती. मराठी, तमिळ, इंग्रजी, सगळ्याची खिचडी, पण काय बोलत होती!

"आता तू उभी राहा," मी म्हटलं. "माझ्या सुनेला काय शोभतं ते मला बघू दे." सुनेला म्हणून गेले, ते मागे घेता आलं नाही. ती लाजून खाली हातातल्या टॅबलेटवर बघत उभी राहिली आणि मी तिच्या मागे. हिरवीगार साडी आली, कुंकवाच्या रंगाची आली, हळदीची आली. प्रत्येकीत पोरगी अशी दिसली की बस. मी अगदी बेभान झाले होते.

तेवढ्यात सेल्वी नावाची विक्रेती तणतणत आली. तिच्या मागे लिफ्टमधून उतरलेल्या साड्यांचा गठ्ठा. ती तमिळमध्ये पटापट बोलली आणि मैथिलीचा चेहरा उतरला. मला तिने सांगितलं ते असं: गेले काही दिवस आरसे वेड्यासारखं वागत आहेत. कुणी न मागितलेल्या साड्या खाली येतात. गिऱ्हाईक म्हणतं आम्ही मागितल्या नाहीत, गोदामवाले म्हणतात आरशाने मागितल्या. आरसा कुणाचं चित्र साठवून ठेवत नाही, बायकांची लाज म्हणून मैथिलीनेच तसा नियम केलेला, त्यामुळे नेमकं काय होतं ते कुणालाच दिसत नाही. आता दुकानाच्या मालकीणबाई कंटाळल्या आहेत. या आठवड्यात सुधारलं नाही तर आरसे काढणार. आणि काढले, तर मैथिलीचं चेन्नईतलं काम संपलं.

खरं सांगते, मी मनात म्हटलं, काढा की! आरसे गेले तर पोरगी मोकळी, पुणं जवळ, शनिवार माझा. तिच्या पाठीवरून हात फिरवत "होईल गं नीट" म्हणाले, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या.

त्याच संध्याकाळी मैथिली देवळात निघाली. केसात मोगरा माळलेला, साधीच साडी. पद्माबाईंनी तिला दारातच थांबवलं. दोन्ही हात तिच्या चेहऱ्यापर्यंत नेले, आपल्याकडे ओढले, स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटं कडाकडा मोडली. दृष्ट काढली. अगदी आपण काढतो तशीच.

 हात पुढे, हात आपल्याकडे. दुपारी आरशापुढे प्रत्येक साडीला मी तिच्या पाठीमागून हेच तर करत होते! आरशातल्या पोरीची दृष्ट काढत होते आणि आरसा समजत होता, बाईंना ही हवी, हीही हवी, हीही हवी. इथल्या आयाही लेकींना घेऊन येतात, त्याही हेच करतात. सवयीने, स्वतःच्या नकळत. मग कुणाला विचारलं की "मी काही मागितलं नाही" असंच म्हणणार, आणि खरंच म्हणणार.

म्हणजे आरशाचं दुखणं मला कळलं होतं. फक्त मला. आणि मी तोंड बंद ठेवलं असतं तर माझा मुलगा माझ्या जवळ राहिला असता. मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. रात्री जेवताना रावांनी विचारलं, "का हो, सापाडु कमी घेतला आज?" म्हटलं, पोट भरलंय.

कोवलम

दुसऱ्या दिवशी मैथिलीला सुट्टी होती. "चला काकू, समुद्र दाखवते," म्हणाली. बसने आम्ही समुद्रकाठच्या रस्त्याने कोवलमला गेलो. उजवीकडे सपाट, पाणथळ जमीन, डावीकडे मधूनच निळी रेघ. हे केरळातलं कोवलम नव्हे, चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव. रंगीत होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी सोडवत बसलेली माणसं आणि ओळीने मासळीवाल्या. एकीच्या टोपलीत लखलखीत वंजरम, म्हणजे आपली सुरमई. आणि टोपलीच्या कडेला तोच बोलका डबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. खारा वारा लागू नये म्हणून!

मला राहवेना. मोबाईल काढला, पैसे धाडले. डबा किंचाळला, मासळीवाली खुशीत हसली आणि तिने भली थोरली सुरमई माझ्या हातात ठेवली. आणि मग मला आठवलं की आपण ज्यांच्याकडे उतरलोय ती मंडळी कांदाही खात नाहीत.

मैथिली पोट धरधरून हसली. "काकू, हे घेऊन घरी गेलो तर अप्पा आपणा दोघींस बाहेर ठेवतील!" शेवटी ती सुरमई एका रिक्षावाल्याला दिली. त्याने आधी संशयाने बघितलं, मग मासा सीटखाली ठेवला आणि कुणी मत बदलायच्या आत रिक्षा सुरू केली.

आम्ही वाळूत बसलो. हसणं ओसरलं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "काकू, मी ठरवलं आहे. आरसे काढले तर मी पुण्यास येत्ये. निखिलला इकडे आणायचं नाही. तुम्ही एकट्या आहात, मला कळतं. तिकडे काही तरी काम मिळेल."

हेच ऐकायला मी आले होते. इतका प्रवास याचसाठी. देव म्हणाला असता माग, तर मी हेच मागितलं असतं. आणि मी तिच्याकडे बघितलं. काल नऊवारी शिकवीन म्हणताना जो चेहरा होता, तो कुठेच नव्हता. जीभ पुन्हा आखडली होती. एकेक शब्द मोजून काढत होती, माझ्यासाठी, माझ्या मराठीत.

 हा असा चेहरा मी दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात बघणार होते का?

"गधडे," मी म्हटलं, "तुझा आरसा बिघडलेला नाही."

"काय?"

"आरशाला दृष्ट कळत नाही. तेवढंच आहे." आणि मी उठले, तिथेच वाळूत तिच्यापुढे हात नेले, ओढले, बोटं मोडली. "बघ! काल हे मी प्रत्येक साडीला केलं. तुझ्या आईनेही संध्याकाळी केलं. तुझा आरसा काय समजला असेल?"

तिने माझ्यासारखेच हात पुढे नेले, आपल्याकडे ओढले. मग "अय्यय्यो!" म्हणून अशी किंचाळली की जाळी सोडवणारे दोन म्हातारे वर बघायला लागले. "अम्मा लोक! सगळ्या अम्मा लोक हेच करतात! आम्ही खूण करून पाहिली ती सगळी ऑफिसातल्या पोरांवर!" तिने मला मिठी मारली, चपला हातात घेतल्या आणि बसच्या दिशेने पळत सुटली. मी तिच्या मागून धापा टाकत. समुद्र नीट बघायचा राहिलाच.

पुन्हा टी. नगर

निघायच्या दिवशी तिने मला परत दुकानात नेलं. आरसा दुरुस्त झाला होता. आता तळवे ओढून नुसते आपल्याकडे आणले तर साडी येते, पण हात कानशिलांपर्यंत गेले की आरसा काहीच मागत नाही. उलट कडेची सगळी अक्षरं, रंग, किमती मिटवून टाकतो आणि फक्त समोरचं माणूस तेवढं ठेवतो. "अम्माला मुलगी नीट बघू दे," मैथिली म्हणाली. सेल्वीने सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक आईला मुद्दाम आरशापुढे उभं केलं होतं आणि एकही फुकटची साडी खाली उतरली नव्हती. मालकीणबाईंनी जाता जाता मैथिलीचा खांदा थोपटला. इतका आनंद मला निखिल इंजिनिअर झाला तेव्हाही झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

"आता तुम्ही उभ्या राहा," मैथिली मला म्हणाली.

"माझं काय बघायचंय आता?"

"राहा तर."

मी उभी राहिले. तिने ती पहिल्या दिवशीची जांभळी साडी कडेला धरली. आरशातली मी नटले. मग ती माझ्यापुढे आली. दोन्ही हात माझ्या चेहऱ्यापर्यंत आणले, आपल्याकडे ओढले आणि कानशिलांवर बोटं टेकवली. मोडायला गेली, तर एकच बोट कसंबसं कट्‌ करून वाजलं. वयाने लहान असलेल्याने मोठ्याची दृष्ट काढायची नसते, हे तिला कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. माझी आई गेल्यापासून माझी दृष्ट कुणी काढली नव्हती. मी भर दुकानात रडले. आरसा शहाण्यासारखा गप्प राहिला.

डोळे पुसले आणि तिथूनच निखिलला फोन लावला.

"काय गं आई? कसं चाललंय?"

"ऐक. तुझे ते दोन जाड स्वेटर आहेत ना, ते सांगलीला आणून टाक."

"का?"

"इकडे लागत नाहीत."

 मग तो हळूच म्हणाला, "आई, आणि तू?"

"मला या आरशाला नऊवारी शिकवायचीय," मी म्हटलं. "मला यावंच लागणार."